हिरोशिगेचा ओहाशी पुलावरचा पाऊस: तुमच्याकडची प्रत नेमकी कोणती?

तुम्ही दिलेली माहिती आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहून गेले असेल तर ते तुमच्या लगेच लक्षात येईल. तुमचे आजोबा व्यापारी जहाजांवर इंजिन विभागात नोकरीला होते आणि १९५०च्या दशकात त्यांनी कोबे बंदरातून एक जपानी चित्र घरी आणले. रत्नागिरीच्या घरात ते तेव्हापासून भिंतीवर होते. चित्रात लाकडी पूल आहे, अचानक आलेल्या सरीने गाठलेली माणसे त्यावरून अंग चोरून चालली आहेत, खाली नदीत एकटा तराफेवाला आहे आणि या सगळ्यावर काळ्या ढगातून पाऊस कोसळतो आहे. हे चित्र हिरोशिगे या जपानी चित्रकाराचे असल्याचे तुम्हाला इंटरनेटवर कळले आणि त्याच्या काही प्रती लाखांत विकल्या गेल्याचेही दिसले. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने मात्र ‘ही कॉपी आहे’ असे सांगून किरकोळ रक्कम देऊ केली. आता तुम्ही दोन गोष्टी विचारता: चित्र अस्सल आहे की नकली, आणि त्यावर पडलेले तपकिरी डाग काढून ते नव्या चौकटीत बसवावे का.

कागदावरील कलाकृतींचे जतन आणि दुरुस्ती हे माझे काम आहे. जपानी मुद्राचित्रे, म्हणजे लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे, माझ्याकडे अधूनमधून येतात आणि त्यांतील बहुतेकांबरोबर हाच प्रश्न याच शब्दांत येतो. माझ्या मते तो थोडा बदलून विचारायला हवा. ‘अस्सल की नकली’ या दोनच पर्यायांत लाकडी ठशांची जपानी चित्रे बसत नाहीत. हा कागद कोणत्या ठोकळ्यांवरून, कोणत्या पद्धतीने आणि साधारण कोणत्या काळात छापला गेला, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळाले की किंमत, जतन आणि विक्री या तिन्ही गोष्टींचा विचार सोपा होतो. ते मिळेपर्यंत, ज्यातून माघार घेता येणार नाही असे चित्रावर काहीही करू नये, ही माझी पहिली आणि आग्रहाची विनंती.

मूळ चित्राविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. उतागावा हिरोशिगे याचा जन्म १७९७चा आणि मृत्यू १८५८चा. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत त्याने एदो शहरातील, म्हणजे आजच्या टोकियोतील, प्रसिद्ध ठिकाणांची मोठी मालिका केली. उओया एइकिची या प्रकाशकाने ती १८५६ पासून काढली. ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्ये’ असे तिचे नाव असले तरी प्रत्यक्षात चित्रे शंभराहून अधिक आहेत. तुमचे चित्र त्यांपैकी १८५७ सालचे. सुमिदा नदीवरचा शिन-ओहाशी हा पूल आणि पलीकडे धूसर दिसणारा आताके हा काठ. शोगुनाच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकाच्या, आताकेमारू नावाच्या युद्धनौकेवरून त्या काठाला हे नाव पडले. डच चित्रकार व्हॅन गॉगने याच चित्रावरून १८८७ मध्ये तैलरंगात एक चित्र केले. ते आज ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे आणि त्यामुळे हे दृश्य जपानबाहेर फार ओळखीचे झाले. जे दृश्य ओळखीचे होते त्याला मागणी येते, आणि मागणी आली की त्याच्या प्रती निघतात. तुमच्या चित्राचा इतिहास बहुधा या वाटेने जातो.

आता ‘मूळ’ कशाला म्हणायचे ते पाहू. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करीत असे. ते रेखाटन चेरीच्या लाकडाच्या ठोकळ्यावर उलटे चिकटवले जाई आणि कोरणारा कारागीर त्या रेषांच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून रेषा उठावात ठेवी. या कामात रेखाटनाचा कागद नष्टच होतो. त्यामुळे हिरोशिगेने स्वतःच्या हाताने रंगवलेले ‘खरे’ चित्र कुठेतरी जपून ठेवले आहे आणि बाकी सगळ्या त्याच्या नकला आहेत, अशी स्थिती नसते. रेषांच्या ठोकळ्यानंतर प्रत्येक रंगासाठी वेगळी कोरणी होई. छापणारा कारागीर पाण्यात कालवलेला रंग तांदळाच्या खळीबरोबर ठोकळ्यावर ब्रशने पसरी, त्यावर दमट कागद ठेवी आणि बांबूच्या सालीने मढवलेल्या बारेन नावाच्या चकतीने तो पाठीमागून घासून रंग कागदात उतरवी. चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि या तिघांना बांधून ठेवणारा प्रकाशक अशा चार पक्षांचे हे काम आहे. म्हणून प्रतीची ओळख पटवतानाही फक्त चित्रकाराच्या सहीकडे पाहून भागत नाही.

या पद्धतीमुळे एकाच चित्राचे चार वेगवेगळे वर्ग तयार होतात. पहिला वर्ग १८५७च्या सुमारास नव्या ठोकळ्यांवरून, वरच्या ढगाची आणि पाण्याची छटा काळजीपूर्वक उतरवून छापलेल्या प्रतींचा. दुसरा त्याच ठोकळ्यांवरून नंतर छापलेल्या प्रतींचा. यांत ठोकळे झिजलेले असतात, बारीक रेषा तुटतात आणि मेहनतीच्या छटा सोप्या केलेल्या असतात. तिसरा वर्ग पुढच्या काळात कारागिरांनी पूर्णपणे नवे ठोकळे कोरून, त्याच पारंपरिक पद्धतीने हाताने छापलेल्या प्रतींचा. जपानीत यांना फुक्कोकु म्हणतात. मी येथे त्यांना पुनर्कोरणीच्या प्रती म्हणेन. चौथा वर्ग छायाचित्राच्या आधाराने यंत्रावर छापलेल्या ऑफसेट वा तत्सम प्रतींचा, म्हणजे पोस्टर, दिनदर्शिका आणि पुस्तकांतून सुटी केलेली पाने. व्यापारी ‘कॉपी’ म्हणतो तेव्हा तो तिसऱ्या वर्गाबद्दल बोलतो आहे की चौथ्या, हे त्याला विचारायलाच हवे, कारण या दोहोंत हातमागावरचे लुगडे आणि त्याच नक्षीचे छापील कापड यांच्याइतके अंतर आहे.

तुम्ही चित्र चौकटीतून काढून जी निरीक्षणे कळवली ती नेमकी आणि उपयोगी आहेत. कागद सुमारे ४० सेंमी उंच आणि २७ सेंमी रुंद आहे आणि चित्राभोवती चारही बाजूंना पांढरी कड आहे. भिंगातून ठिपके दिसत नाहीत. पाठीमागे रंग उतरलेला दिसतो. डाव्या कडेत खाली काही अक्षरे आहेत आणि त्यांच्यापासून वेगळा एक लहान लाल शिक्का आहे. मागच्या पुठ्ठ्याला इंग्रजीत चित्राचे वर्णन छापलेली एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. यांतून काय निष्कर्ष निघतो आणि काय निघत नाही, ते एकेक करून सांगते.

ठिपके नसणे ही सर्वांत पहिली चाळणी आहे. ऑफसेट छपाईत प्रत्येक छटा बारीक रंगीत ठिपक्यांच्या जाळीने तयार होते आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या साध्या भिंगातूनही ती जाळी स्पष्ट दिसते. कोलोटाइप नावाच्या जुन्या पद्धतीत ठिपक्यांऐवजी अळीसारखा वेडावाकडा, बारीक कण दिसतो आणि तो घाईत सुटू शकतो, म्हणून एकदा पाण्याच्या निळ्या भागात तोही शोधा. लाकडी ठशात या दोन्हींपैकी काही नसते. रंग सलग असतो, कुठे लाकडाच्या रेषा उमटलेल्या असतात, कुठे रंग किंचित दाणेदार बसलेला असतो. आपल्याकडच्या घरांत रविवर्मा प्रेसची किंवा पुण्याच्या चित्रशाळेची जी जुनी देवदेवतांची चित्रे असतात, ती दगडावरून तेलयुक्त शाईने छापलेली आहेत. त्यांत शाई कागदाच्या पृष्ठभागावर बसते. जपानी ठशात पाण्याचा रंग कागदाच्या तंतूंत शिरतो, आणि तुम्हाला पाठीमागे दिसलेला रंग त्यामुळेच आहे.

पाठ आणखी एकदा, या वेळी तिरप्या प्रकाशात पाहा. खोली अंधारी करून टॉर्च कागदाच्या पातळीला जवळजवळ समांतर धरला की बारेन घासल्याच्या गोलाकार खुणा आणि रेषांच्या जागी कागदात पडलेले हलके खळगे दिसतात. त्या दिसल्या तर चित्र हाताने छापलेले आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरणार नाही. तुमच्या वर्णनावरून त्या दिसतील असे मला वाटते.

हाताने छापलेले म्हणजे १८५७चे, असे मात्र नाही. येथून पुढे काळजी लागते. तुमच्या कागदाच्या चारही बाजूंच्या रुंद, स्वच्छ कडा मला विसाव्या शतकाकडे नेतात. या मालिकेतील चित्रभाग साधारण ३४ सेंमी उंच आणि २२ ते २३ सेंमी रुंद असतो आणि जुन्या प्रतींच्या कडा अरुंद असतात. त्यांतही पुष्कळ प्रती पूर्वीच्या मालकांनी वहीसारख्या शिवून ठेवल्या आणि नंतर सुट्या केल्या, त्यामुळे एका बाजूला शिवणीची भोके असतात किंवा कड कापलेली असते. डाव्या कडेतील अक्षरे बहुधा मूळ प्रकाशक उओया एइकिचीची खूण असतील. ती आहे म्हणून प्रत मूळ, असे समजू नका, कारण पुनर्कोरणी करणारे कारागीर कडेतील ती खूण आणि तपासणीचे शिक्केही चित्राचाच भाग मानून तंतोतंत कोरीत. त्यापासून अलग असलेला तुमचा लाल शिक्का जास्त बोलका आहे. पुनर्कोरणी करणाऱ्या प्रामाणिक प्रकाशकांनी स्वतःची खूण अशीच कडेत किंवा पाठीवर ठेवली. काही वेळा तेथे कोरणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे नावही असते. इंग्रजी चिठ्ठी तर परदेशी गिऱ्हाइकासाठीच असणार.

निर्णायक तुलना अजून बाकी आहे आणि ती तुम्ही घरी बसून करू शकता. ब्रुकलिन संग्रहालय, न्यूयॉर्कचे मेट्रोपोलिटन संग्रहालय आणि जपानचे राष्ट्रीय संसद ग्रंथालय यांनी आपल्याकडील प्रतींची मोठी छायाचित्रे सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. त्यांतील एक पडद्यावर मोठे करा आणि तुमच्या चित्राशी रेषेला रेषा लावून पाहा. सारखेपणा शोधू नका, तो दिसणारच. फरक शोधा. एकाच ठोकळ्यावरून निघालेल्या दोन प्रतींत रंग वेगळा असू शकतो, छटा वेगळी असू शकते, रेषा झिजून तुटलेली असू शकते, पण रेषेचा मार्ग बदलू शकत नाही. लाकूड एकदा कोरले की वळण कायमचे ठरते. नव्या ठोकळ्यासाठी कारागीर जुन्या प्रतीवरून काढलेला नकाशा चिकटवून पुन्हा कोरतो, आणि तो कितीही निष्णात असला तरी सुरीचे वळण कुठेतरी केसभर वेगळे जातेच.

या चित्रात ते पाहायची सर्वांत चांगली जागा म्हणजे पाऊस. मी या पावसावर जरा अधिक बोलणार आहे, कारण या चित्राचे वैभव त्यातच आहे. त्या रेषा दोन वेगळ्या ठोकळ्यांवर, किंचित वेगळ्या कोनांत कोरलेल्या आहेत. एक झड दुसरीला छेदते आणि म्हणून पाऊस सपाट न वाटता त्याला खोली येते. प्रत्येक रेषा म्हणजे लाकडाचा केसासारखा उभा कंगोरा आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड खोदून काढलेले आहे. सुरी जरा घसरली तर कंगोरा उडतो. छापतानाही शाई किंचित जास्त झाली तर दोन रेषांमधली जागा भरून येते आणि पावसाचा चिखल होतो. अशा शेकडो रेषांचे छेद दोन स्वतंत्र कोरणींत अगदी एकाच जागी येणे अशक्य आहे. पुलाच्या कठड्याचा एक वीतभर भाग निवडा, त्यावरून कोणती रेषा कुठे जाते ते संग्रहालयाच्या छायाचित्रात पाहा आणि मग तुमच्या प्रतीत तीच रेषा शोधा. आठदहा छेद तपासले की उत्तर मिळते. नंतर सहीची अक्षरे आणि माणसांच्या छत्र्यांच्या काड्या पाहा.

एक सावधगिरी येथे हवी. या चित्राच्या काही प्रतींत पलीकडच्या काठाजवळ दोन होड्यांच्या करड्या आकृती दिसतात, काहींत त्या नाहीत. होड्या असलेली छपाई सामान्यतः आधीची मानली जाते. पण नव्याने कोरणाऱ्याने होड्या असलेली प्रत समोर ठेवली असेल तर त्याच्या चित्रातही होड्या येतील. म्हणून त्यांच्या असण्यानसण्यावरून मूळ ठोकळ्यांचा निर्णय करू नका. मूळ ठोकळे आहेत हे रेषांवरून ठरल्यानंतरच होड्यांचा प्रश्न महत्त्वाचा होतो.

रंगांवरून काळ सांगण्याचा मोह पुष्कळांना होतो. निळा अजून गडद आहे म्हणून चित्र नवे, असे व्यापारी तुम्हाला म्हणाला. हा आधार कच्चा आहे. हिरोशिगेच्या काळात वापरला जाणारा प्रशियन निळा हा रंग टिकाऊ आहे आणि अंधारात जपलेल्या जुन्या प्रतींत तो आजही खणखणीत दिसतो. उलट विसाव्या शतकातील काही पुनर्कोरणींत जुन्या, उतरलेल्या प्रतीसारखे दिसावे म्हणून रंग मुद्दाम मंद ठेवलेले आहेत. कागद याहून बरा साक्षीदार आहे. या प्रती कोझो झाडाच्या सालीपासून केलेल्या लांब तंतूंच्या कागदावर असतात. नव्या प्रतींतील कागद सहसा जाड, मऊ आणि पांढरा असतो. तुमच्याकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा असेल तर अंधारात तो कागदाच्या कडेवर धरा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळपणा आणणारे रसायन आहे आणि अशी रसायने कागदात साधारण १९५० नंतर आली. न चमकल्यास मात्र त्यावरून काही सिद्ध होत नाही.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर, ठिपके नाहीत आणि पाठीवर रंग आहे म्हणून तुमचे चित्र यंत्रछपाईचे नाही. रुंद कडा, स्वतंत्र शिक्का आणि इंग्रजी चिठ्ठी यांमुळे ते पुनर्कोरणीची प्रत असण्याची शक्यता फार मोठी आहे. पावसाच्या रेषांची तुलना ही शक्यता पक्की करील किंवा खोडून काढील. प्रत १९५०च्या दशकातीलच की त्याआधी छापून दुकानात पडून राहिलेली, हे त्या लाल शिक्क्यावर अवलंबून आहे.

अशा प्रती कोणी आणि का केल्या, हे समजले तर ‘कॉपी’ या शब्दाने वाटलेली निराशा कमी व्हावी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिलामुद्रण (दगडावरून छपाई) आणि छायाचित्रण जपानमध्ये रुजले तसे लाकूड कोरणाऱ्यांचे काम आटत गेले. त्याच वेळी युरोप-अमेरिकेत जुन्या मुद्राचित्रांना मोठी मागणी होती आणि चांगल्या जुन्या प्रती देशाबाहेर चालल्या होत्या. तेव्हा काही प्रकाशकांनी हाताशी असलेल्या कारागिरांकडून नावाजलेली चित्रे पुन्हा कोरून घेण्यास सुरुवात केली. टोकियोचे वातानाबे शोझाबुरो यांनी अशा पुनर्कोरणीपासून सुरुवात केली आणि त्याच कारागिरांच्या बळावर पुढे कावासे हासुई, इतो शिन्सुई यांच्यासारख्या नव्या चित्रकारांची मुद्राचित्रे काढली. १ सप्टेंबर १९२३च्या भूकंपात आणि त्यामागून लागलेल्या आगीत त्यांचे दुकान, ठोकळे आणि साठा जळून गेला, आणि त्यांनी काम पुन्हा उभे केले. ताकामिझावा एन्जी यांच्या प्रती कागदाच्या जुनेपणासकट इतक्या हुबेहूब असत की जाणकारही चकत. त्यांच्या नावाच्या संस्थेने पुढे त्या उघडपणे प्रतिकृती म्हणून प्रसिद्ध केल्या. टोकियोतील आदाची ही संस्था १९२८ पासून आणि क्योतोतील उन्सोदो हे प्रकाशनगृह १८९१ पासून आहे. दोन्ही आजही लाकडी ठशांवरून छपाई करतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ ते १९५२ या अमेरिकी ताब्याच्या वर्षांत आणि त्यानंतरही, जपानमध्ये आलेले परदेशी लोक आठवण म्हणून अशी चित्रे मोठ्या प्रमाणावर नेत. कोबे आणि योकोहामा या बंदरांत जहाजावरून उतरणाऱ्यांसाठी ती सहज मिळण्याजोगी होती. तुमच्या आजोबांची खरेदी या काळाशी चपखल जुळते. त्यांना फसवले गेले, असे तुम्ही लिहिले आहे, त्याला मला तरी काही आधार दिसत नाही. विकणाऱ्याने चिठ्ठी आणि शिक्का दोन्ही जागेवर ठेवले, म्हणजे त्याने काही लपवले नाही. अशा प्रतीत निष्णात हातांचे खरे काम आहे, आणि ही विद्या जिवंत राहिली त्यात या प्रतींचा वाटा मोठा आहे. मी ती कधीही कमी प्रतीची वस्तू म्हणून हाताळत नाही.

किमतीबद्दल मी आकडा देणार नाही, कारण तो प्रकाशक, छपाईचा दर्जा, कागदाची स्थिती आणि विकण्याची जागा या चारही गोष्टींवर अवलंबून असतो आणि यांपैकी पहिली अजून निश्चित नाही. लाखांत गेलेल्या प्रती पहिल्या वर्गातील असतात. त्यांच्याशी तुलना करून विक्रीचा विचार करू नका, पण व्यापाऱ्याने सांगितलेली किरकोळ रक्कमही शिक्क्याची ओळख पटेपर्यंत स्वीकारू नका. परदेशातील लिलावात पाठवण्याचा विचार असेल तर आणखी एक बाब लक्षात घ्या. आपल्याकडच्या १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर किंवा त्याहून अधिक वर्षे जुनी कलाकृती देशाबाहेर विकायला नेता येत नाही. चित्र १९५०च्या दशकातले असेल तर त्याला ही अडचण येणार नाही, मात्र सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी शंका घेतल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती वस्तू पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागू शकते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे डागांकडे येते. खरे सांगायचे तर मला चित्र मूळ आहे की नाही यापेक्षा याची काळजी अधिक वाटते, कारण तुमच्या पत्रात ‘हलक्या ब्लीचच्या पाण्यात बुडवून काढावे का’ असे एक वाक्य आहे. कृपया तसे करू नका. हे रंग पाण्यात कालवून लावलेले आहेत. कागदाला सरस आणि तुरटीचा लेप असतो म्हणून ते जागेवर धरलेले असतात, पण हा लेप सत्तर वर्षांच्या दमट हवेत आणि बुरशीने जागोजागी कमकुवत झालेला असू शकतो. विसाव्या शतकातील काही कृत्रिम लाल आणि जांभळे रंग पाणी लागताच पसरतात. ब्लीच डाग फिका करते आणि कागदाचे तंतूही दुबळे करते. साबण, सोडा किंवा चुन्याची निवळी यांसारख्या अल्कधर्मी पदार्थांनी प्रशियन निळा बिघडतो आणि तपकिरी पडू लागतो, आणि या चित्रात निळा गेला तर नदीच गेली. रंग पक्का आहे का हे पाहण्यासाठी ओले बोट किंवा कापूस लावून पाहण्याचाही प्रयोग नको.

डाग तसेच राहू द्यावेत का, हे ते कशाचे आहेत यावर ठरते. विखुरलेले लालसर तपकिरी ठिपके बहुधा बुरशीचे किंवा कागदातील लोहकणांचे असतात. ते वाढत नसतील तर कोरड्या हवेत तसेच ठेवलेले चालतात. चौकटीच्या कडेने सरळ रेषेत आलेला तपकिरी पट्टा मात्र मागच्या पुठ्ठ्यातील आम्लामुळे आलेला असतो आणि तो पुठ्ठा बदलेपर्यंत गडद होत राहतो. तुमच्या वर्णनात दोन्ही दिसतात. म्हणून पहिले काम धुणे नसून जुना पुठ्ठा दूर करणे हे आहे. चित्र चिठ्ठीच्या जागी किंवा कोपऱ्यांत पुठ्ठ्याला चिकटले असेल तर ओढून सोडवू नका. तेवढ्यासाठी कागदाचे काम जाणणाऱ्या व्यक्तीकडे जा. मुंबईला येणे शक्य असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र आहे, तेथे विचारणा करता येईल. दरम्यान चित्र आम्लरहित कागदाच्या घडीत, आडवे, कोरड्या कपाटात ठेवा.

नवी चौकट करताना चित्र कशावरही पूर्ण चिकटवायचे नाही. गव्हाच्या स्टार्चची खळ आणि जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्या, एवढ्यावर ते वरच्या कडेने मागच्या आम्लरहित पुठ्ठ्याला टांगायचे असते, म्हणजे पावसाळ्यात कागद फुगला तरी त्याला हलायला जागा राहते. चौकटवाले सोयीसाठी चित्र प्लायवूडवर किंवा सनबोर्डवर पांढऱ्या गोंदाने बसवतात, आणि गावोगावी लॅमिनेशन करून देणारेही आहेत. या दोन्ही गोष्टींना स्पष्ट नकार द्या, कारण त्यानंतर माझ्यासारख्या व्यक्तीच्या हातात फारसे काही उरत नाही. सेलोटेपही नको. काच आणि चित्र यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची खिडकी असावी. काच कागदाला टेकली की दमट हवेत तेथेच बुरशी धरते.

कोकणातल्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो. कागदासाठी सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असावी असे आम्ही धरतो आणि रत्नागिरीत जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या वर राहते. वातानुकूलित खोली नसेल तर चित्र बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नका. आतल्या भिंतीवर लावा आणि चौकटीच्या मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे मागून हवा खेळती राहील. पावसाळ्याचे चार महिने ते उतरवून कपाटात ठेवणे सर्वांत उत्तम. कसर या कागदावरचा सरस आणि खळ आवडीने खाते, म्हणून दिवाळीच्या आवराआवरीत चौकटीची मागची बाजू दरवर्षी तपासा. डांबराच्या गोळ्या चौकटीत किंवा चित्राच्या घडीत ठेवू नका. ओल आली म्हणून चित्र उन्हात वाळवणे ही आपल्याकडची सवयही येथे घातक आहे. पंख्याखाली, सावलीत, दोन टीपकागदांमध्ये ते हळूहळू सुकू द्यावे. प्रकाशाबाबत संग्रहालये अशा चित्रांसाठी ५० लक्सची (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) मर्यादा पाळतात. घरात तितके मोजमाप शक्य नाही, पण खिडकीसमोरची भिंत टाळली आणि अतिनील किरणे अडवणारी काच घेतली तरी मोठे नुकसान टळते.

शेवटी एक काम, जे तुमच्याशिवाय कोणीच करू शकणार नाही. आजोबांनी चित्र कुठून, साधारण कोणत्या वर्षी, कोणत्या जहाजावर असताना आणले, याबद्दल घरातील वडीलधाऱ्यांना जे आठवते ते विचारून एका वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. त्यांचे जहाजावरील नोकरीचे पुस्तक घरात सापडले तर त्यातील बंदरांच्या नोंदी आणि तारखा पाहा, कारण त्यावरून खरेदीचा काळ बराच नेमका ठरवता येईल. इंग्रजी चिठ्ठी फेकू नका. ती पुठ्ठ्यासकट कापून वेगळ्या पाकिटात ठेवा, म्हणजे तिचे आम्ल चित्राला लागणार नाही आणि पुरावाही हातचा जाणार नाही. चित्राच्या पाठीवर पेनने काहीही लिहू नका. लाल शिक्क्याचे, डाव्या कडेतील अक्षरांचे आणि पुलाच्या कठड्यावरून जाणाऱ्या पावसाच्या रेषांचे जवळून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता आणि शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो दिलेत, तर प्रकाशक कोण असावा याबद्दल मी अधिक खात्रीने सांगू शकेन.